डचेस जेवत नाही

लायल हॅचर तीस दिवसांसाठी आत गेला तो गवत कापायच्या गाडीमुळे. बिअर पिऊन मोटार चालवायची नाही, हे पहिल्या खेपेला दंड भरून त्याला पाठ झालं होतं. म्हणून दुसऱ्या खेपेला स्वारी गवत कापायच्या गाडीवर बसून आणखी बिअर आणायला निघाली आणि थेट कोर्टासमोरच्या झेंडूच्या वाफ्यात घुसली. न्यायाधीशबाई खिडकीतच उभ्या होत्या, त्यामुळे साक्षीदार शोधायचा त्रास वाचला.

नवरा आत गेल्याचं ओपलला फारसं दुःख नव्हतं. काउंटीच्या तुरुंगातलं जेवण फुकट आणि घरात टीव्हीचा आवाज कमी. तिला घोर लागला होता तो डचेसचा. लायलची ही म्हातारी शिकारी कुत्री तीन दिवस अन्नाला तोंड लावत नव्हती. ओपलचं आणि तिचं जन्मात कधी पटलं नाही; तिला रोज मागच्या अंगणात जेवू घालायचा तो लायलच. पण घरी आल्यावर कुत्री दिसली नाही तर लायल पुन्हा उभा राहणार नाही, हे ओपलला पक्कं ठाऊक होतं.

तिने कलेजी तळली, मटणाचा रस्सा घातला, स्वतःच्या वाटणीचं हॅमसुद्धा दिलं. डचेस वाडग्यासमोर लाळ गाळत बसायची आणि ओपलच्या तोंडाकडे टक लावून बघायची. जनावरांच्या डॉक्टरने दात, पोट सगळं तपासलं. "तब्येत ठणठणीत आहे," तो म्हणाला. "पण या वयात आणखी दोन दिवस उपास झाला तर खरं नाही."

लायलला फोनवर ऐकू येत नाही, आणि भेटीची वेळ मिळत होती ती पुढच्या आठवड्यातली. राहिला फोनवरचा लेखी निरोप. इकडून लिहायचं, तिकडे लायलला दिलेल्या टॅबलेटवर उमटतं. पण मध्ये तुरुंगातला पहारेकरी कर्टिस प्रूइट तो वाचून मंजूर करतो. ओपलने लिहिलं, "डचेस जेवत नाही. तू तिला काय घालतोस?"

उत्तर आलं, "नामंजूर. सांकेतिक भाषेचा संशय."

ओपलने तुरुंगात फोन लावला. "कर्टिस, मेल्या, डचेस कुत्री आहे! लहानपणी तुझ्या ढुंगणाला चावली नव्हती का तिची आई?"

"हो, मिस ओपल," पलीकडून पडेल आवाज आला. "पण नियम आहे. अमली पदार्थवाले असंच लिहितात."

"मी तुला चर्चच्या रविवारच्या शाळेत दहा आज्ञा शिकवल्या. त्यात अकरावी ऐक. मुकाट्याने निरोप पाठव."

निरोप गेला. लायलचं उत्तर आलं, "नेहमीचंच घालतो. भूक लागली की खाईल."

"डॉक्टर म्हणतो, दोन दिवस. तू नक्की काय करतोस ते सांग."

लायलने उलट विचारलं, "हे सगळं कर्टिस वाचतो का?"

"वाचतो. त्याचाच पगार घेतो."

"मग राहू दे."

ओपलचं डोकंच फिरलं. कर्टिस म्हणजे पाद्री प्रूइटचा मुलगा. बारा वर्षांपूर्वी याच पाद्र्याने भर चर्चमध्ये सांगितलं होतं की कुत्र्यांना स्वर्ग नाही. लायलची आधीची कुत्री त्याच आठवड्यात गेली होती. तो उठला, "मग तुमचा स्वर्ग तुम्हालाच लखलाभ," म्हणाला आणि बाहेर पडला. तेव्हापासून घरात जेवणाआधीची प्रार्थना ओपल एकटीच म्हणायची. ती संपेपर्यंत हा मक्याचा अर्धा पाव फस्त करायचा. पण त्या भांडणापायी कुत्री मारायची?

"तुझी लाज मोठी की डचेस?" तिने विचारलं.

तासाभराने उत्तर आलं.

"कर्टिस, हे तुझ्या बापाच्या कानावर गेलं तर बाहेर आल्यावर गाठ माझ्याशी आहे. ओपल, तिच्यासमोर टोपी काढून प्रार्थना म्हणावी लागते. आमेन ऐकल्याशिवाय ती खात नाही, मीच तसं शिकवलंय. अशी म्हण. प्रभू, या वाडग्याबद्दल तुझे आभार. डचेसचे सांधे दुखू देऊ नकोस. ओपलला माझ्याआधी नेऊ नकोस, मला धड कॉफीही करता येत नाही. आमेन."

सरकारी माणसाला सरळसरळ धमकी, तरी कर्टिसने मंजूर केली होती.

ओपलने ते दोनदा वाचलं. बारा वर्षं हा माणूस मागच्या अंगणात रोज तिच्यासाठी प्रार्थना करत होता, आणि ती रोज त्याला नास्तिक गाढव म्हणत होती. तिला रडू आलं आणि त्याचा रागही आला. मग तिने खुंटीवरची लायलची टोपी डोक्यावर घातली, वाडग्यासमोर जाऊन काढली आणि प्रार्थना म्हटली. तिसऱ्या वाक्याला तिने टोपीने डोळे पुसले. डचेस तिच्या तोंडाकडे बघत थांबली. आमेन म्हटल्यावर वाडगा रिकामा व्हायला मिनिटही लागलं नाही.

ओपलने लिहिलं, "जेवली. उद्यापासून शेवटचं वाक्य मी बदलणार आहे. आधी मीच जाणार. तू मागे राहा आणि कॉफी शीक."

एरवी निरोपाला तासभर तरी लागायचा. या खेपेला लायलचं उत्तर पाच मिनिटांत आलं.

"नामंजूर."