हळदीचा हात आणि लाल पाणी

गुऱ्हाळाच्या छपरात पाय ठेवायला जागा नव्हती. उसाचा हंगाम संपला होता, रस कढवायचं चुलवाण थंड होतं आणि त्याच्या कट्ट्यावर नाथाजी बुवा मांडी घालून बसला होता. पुढ्यात परात, परातीत पाणी. त्यानं समोरच्या एका म्हातारीच्या तळहाताला हळद चोळली आणि तो हात पाण्यात बुडवला. पाणी बघता बघता लाल झालं. बायांनी तोंडाला पदर लावले.

"हे रगात न्हवं, करणी हाय," बुवा म्हणाला. "लुगडी भिजवती, हातरूण नासवती, ती हीच. म्हातारपण म्हनून तुमी गप बसलासा आन् ती आत घर करून बसली. आता लिंबाला कशी भिती बघा."

त्यानं लिंबू पिळलं. लाल पाणी पुन्हा पिवळं झालं.

"उतरली," बुवा म्हणाला, आणि अख्खं छप्पर हात जोडून वाकलं.

मी मागे उभी होते. साल १९७४. रहिमतपूरच्या बाजूला एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून माझी ती पहिलीच नेमणूक. माझ्या शेजारी शालू उभी होती. म्हशीला पेंड आणायला जाते असं घरी सांगून ती सकाळी माझ्याकडे आली होती, ती सासूसाठी.

सासू हरणाबाई. तिला कित्येक महिने लघवी आवरत नव्हती. नुसतं खोकलं तरी लुगडं ओलं व्हायचं. वास येतो म्हणून ती आपणहून गोठ्याशेजारी झोपू लागली. दिवसाउजेडी बाईमाणसानं लघवीला बसायची सोय गावात नव्हती, म्हणून तिनं पाणी पिणं तोडलं. मग जळजळ सुरू झाली, हुडहुडी भरून ताप आला, आणि तापात ती मेलेल्या नवऱ्याशी बोलू लागली. मुलगा लालासाहेब पलटणीतून रजेवर आला होता. म्हातारीला झपाटलंय, असं चौघांनी सांगितलं आणि त्यानं आईला बुवाच्या स्वाधीन केलं. करणी उतरेपर्यंत तिला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, असा बुवाचा हुकूम होता.

"पर बाकीच्या बायांचं थांबलंय की वो," शालू वाटेत म्हणाली होती. "बुवानं त्यांचंबी पानी बंद केलं आन् लुगडी कोरडी ऱ्हायली."

"प्यायलंच नाही, तर गळेल कुठून?"

ती झपझप चालू लागली.

हरणाबाई आपल्या पाळीची वाट बघत कट्ट्याखाली घोंगडीवर पडली होती. मी गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेले. अंग भाजत होतं, जीभ कोरडी ठणठणीत, नाडी बोटाखाली नीट लागत नव्हती. तिनं माझा पदर धरला आणि मला "आये" म्हणून हाक मारली.

"हिला आत्ताच्या आत्ता साताऱ्याला न्यायला हवं," मी म्हणाले. "जीप रस्त्यावर उभी आहे."

लालासाहेब मध्ये आला. उंचापुरा गडी, डोळे जागरणानं लाल. "हात लावू नका बाई. आई माझी हाय."

"ह्या बाईंच्या घरात देव्हारा न्हाई," बुवा वरून म्हणाला. "छपन्न सालीच समदे देव सोडून बसल्यात. त्यांना करणी काय कळनार?"

ही माहिती त्यानं आधीच काढून ठेवली होती. खरीही होती; छपन्नला आमचं घर बौद्ध झालं होतं. छपरात कुजबुज वाढली. दोन-तीन माणसं माझ्या जवळ सरकली. देवाधर्मावर वाद घातला असता तर मला तिथून हाकलून दिलं असतं आणि हरणाबाईनं संध्याकाळ पाहिली नसती.

मी खाली पाहिलं. परातीच्या कडेला, लिंबाचं पाणी पोचलं नव्हतं तिथं, साईसारखा पांढुरका पापुद्रा धरला होता. बुवाच्या मागे दोन घागरी होत्या. एकीचं तोंड फडक्यानं बांधलेलं.

"लालासाहेब," मी म्हणाले, "तुमची करणी मी मान्य करते. फक्त आईचा हात बुडवायला एकदा पाणी तुमच्या विहिरीचं घ्या आणि भांडं तुमच्या घरचं."

"घरच्या पान्यात मंतर नसतोय," बुवा घाईनं म्हणाला. "आन् जो पारख करंल त्याच्या घरात ही करणी शिरंल, सांगून ठिवतो."

लालासाहेब थांबला. आईकडे पाहिलं, बुवाकडे पाहिलं. "मंतर तुमच्या तोंडात हाय का पान्यात, बुवा?" त्यानं हळूच विचारलं आणि मग शालूला म्हणाला, "जा, आन पानी."

ती धावली. बुवा डोळे मिटून मोठमोठ्यानं पुटपुटू लागला. मी हरणाबाईचं मनगट सोडलं नाही. तिचा श्वास उथळ झाला होता. शालू घरचं पातेलं भरून घेऊन आली तेव्हा तिला धाप लागली होती.

लालासाहेबानं स्वतः आईच्या हाताला बुवाचीच हळद लावली आणि हात पातेल्यात बुडवला. पाणी पिवळं झालं. पिवळंच राहिलं.

"आता तुमचा हात," मी त्याला म्हणाले. "परातीत, त्या बांधलेल्या घागरीतलं पाणी घ्या."

बुवा घागरीकडे झेपावला, पण लालासाहेबाचा हात आधी पोचला. फडकं निघालं, परात रिकामी झाली आणि घागरीतलं पाणी तिच्यात पडलं. धडधाकट फौजी माणसाचा हळद लावलेला हात त्यात गेला आणि पाणी लाल झालं.

"ह्यांच्यावरबी करणी?" मागून कुणीतरी विचारलं.

शेजारी आक्काताई म्हणून एक पानं खाणारी म्हातारी होती. मी तिच्या चंचीतला बोटभर चुना मागून पातेल्यातल्या पिवळ्या पाण्यात कालवला. तेही लाल झालं. वर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळं.

"चुन्याचं निवळ पाणी आहे ते," मी म्हणाले. "हळदीला चुना लागला की लाल. लिंबानं चुना मारला की पिवळं. कुणावर करणी दाखवायची आणि कुणावर नाही, ते हा माणूस घागर निवडून ठरवतो."

आक्काताई बुवाकडे बघत म्हणाली, "जलमभर चुना खाल्ला मी, आन् वळखला न्हाई."

लालासाहेबानं वाकून आईला दोन्ही हातांवर उचललं आणि जीपकडे चालू लागला. वाट आपोआप झाली.

साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात तिच्या लघवीत पू निघाला. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले होते. सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली. पहिली रात्र वाईट गेली. मग ताप उतरला, आणि उशाशी बसलेला तिचा मेलेला नवरा तापाबरोबरच निघून गेला. शुद्धीवर आल्यावर तिनं सुनेला पहिलं विचारलं ते म्हशीची धार कोण काढतंय हे.

गळणं पूर्ण बंद झालं नाही, हेही सांगायला हवं. बाळंतपणांनी आणि वयानं खालचे स्नायू सैल पडतात. ते रोज आवळायचा व्यायाम मी तिला शिकवला आणि त्यानं पुष्कळ फरक पडला. रजा संपायच्या आत लालासाहेबानं परसात संडास बांधला. बुवा तर घागर उघडी पडली त्याच दिवशी गावातून गेला होता. कुठल्या तरी दुसऱ्या गावात त्यानं परात मांडली असेलच.

म्हणून सांगते. लघवीला जळजळ, सारखी घाई, ताप, म्हातारपणी अचानक होणारी बडबड, ही करणी नव्हे, आजार आहे. पाणी तोडू नका, लघवी तुंबवू नका, दवाखान्यात या. डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानू नका. ते दिसतं कशानं, एवढं विचारा. आणि घरातल्या म्हातारीला गोठ्यात झोपू देऊ नका.

पुढे एकदा हरणाबाई दवाखान्यात आली, तेव्हा तिच्या मागे गावच्या आणखी काही म्हाताऱ्या होत्या. सगळ्या जमिनीकडे बघत बसल्या होत्या. मी विचारलं तरी कुणी तोंड उघडेना.

"बोला गं," हरणाबाई त्यांना म्हणाली. "मी लाजले आन् मरायला टेकले हुते. बाईंना समदं सांगा."