भोगापायी गेलेली सकाळ

रूपसिंग माहा नवरा. तो जित्ता होता तोवर त्याचं नाव घेतलं नाई, आता घेतो. आता कोण रागावते मले?

दारव्ह्याच्या पलीकडं आमचा तांडा. मरायच्या तीन वर्षं आंधी त्यानं येशूचा रस्ता धरला. दारू सोडली अन् घरातले देव नदीत सोडून आला. "देव एकच हाय, रुखमा. बाकीच्याईच्या मांगं कायले पळतं?" म्हणे. मी तोंडावर हो म्हणो, पण पोटात भेव होतंच. इतक्या पिढ्याईनं पुजलेले देव गुमान बसतीन का?

तो गेला त्या साली कपाशी डोक्याइतकी वाढली अन् फवारणीचं विष कितीक लोकाईले लागलं. रूपसिंगलेही लागलं. डोळ्यापुढं अंधारी, उलट्यावर उलट्या. त्याचा भाऊ धावजी त्याले यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच धावजीचा फोन आला, "शुद्धीवर हाय. तुले बलावून राह्यला. लवकर ये."

यवतमाळची सवारी जीप तांड्याम्होरं उभीच होती. पण माही मती फिरली. म्हटलं, तो घरी नाई, तेवढ्यात आमच्या मरियामा देवीले भोग लावून तिचा राग उतरवून घेतो, त्याले कायले समजते? निखारे केले, गूळ-तूप काढलं. पण आमच्यात भोग बाई लावत नाई, माणूस लागते. तांड्याचा नायक देवसिंग वावरात गेलता. त्याची वाट पाहत बसली अन् जीप निघून गेली. भोग लागला, पण दुसरी जीप भरता भरता दुपार झाली.

दवाखान्यात पोचली तं चादर तोंडावर घातली होती.

धावजी भिंतीले टेकून बसलता. मी विचारलं, "काई बोलला?"

"दोघाईनं मिळून मांगतलं तं माहा देव ऐकते, म्हणे. रुखमा आली का, असं घडीघडी विचारे. मंग मलेच म्हणे, तू तरी माह्यासंगं हात जोड."

"मंग?"

"नाई जोडले, वहिनी."

"काहून?"

"मरियामा रागावन म्हून."

असा संताप आला, वाटलं याच्या थोबाडीत द्यावी. पण कोणत्या तोंडानं देऊ? खाटेपाशी गेली अन् रूपसिंगचे हात माह्या हातात घेतले. त्याच्या देवाले हाक मारू म्हटलं. तीन वर्षं तो रोज माह्याम्होरं बसून प्रार्थना करे, अन् मले त्यातला एक शबुद येत नव्हता.