शेवटच्या नळाचा दाब

"अहो, नळ सोडा म्हणतोय ना! सगळे सोडा!"

मी गल्लीत उभा राहून बोंबलत होतो आणि शिंपीणबाई दारातून माझ्याकडे बघून हसत होत्या. "तुम्ही मोजा हो निवांत. आम्ही थांबतो," त्या म्हणाल्या. आता डोकं आपटायचं तरी कुठे?

पाण्याचा दाब मोजणं ही माझी नोकरी. नळाला मापक लावायचा आणि काटा किती चढतो ते बघायचं. आकडा मापकातूनच परस्पर ऑफिसात जातो. चढावरच्या या गल्लीतला पाइप जुना, आतून गंजून अरुंद झालेला. सगळ्यांनी एकदम पाणी भरायला घेतलं, की टोकाच्या घरात करंगळीएवढी धार. पण एकाचाही नळ चालू नसेल, तर काटा असा चढतो, की वाटावं इथे पाण्याची चंगळ आहे. टोकाच्या घरात माझी थोरली बहीण राहते. गुडघे गेलेत तिचे, तरी रोज चढ उतरून खालच्या, दिवसभर चालू असणाऱ्या सार्वजनिक नळावरून बादल्या आणते. पाण्याच्या वेळेत दाब कमी दिसला, तरच नवा पाइप मंजूर होणार होता, आणि आजची मोजणी शेवटची होती.

म्हणून तर काल ताईला बजावून सांगितलं होतं, "सगळ्यांना सांग, रोजच्यासारखं पाणी भरा. माझ्यासाठी काही करू नका."

आणि ताईनं काय केलं होतं? नळ घासूनपुसून चकचकीत करून ठेवला होता. बंद!

"ताई, लोकांना नेमकं काय सांगितलंस गं?"

"माझा भाऊ मोजायला येतोय, त्याचा आकडा चांगला यायला हवा, कुणी थेंबभर पाणी घेऊ नका! घरोघर फिरले मी."

"अगं, काही करू नका म्हणालो होतो ना?"

"पाहुणा काही करू नका म्हणतो, म्हणून त्याला उपाशी पाठवतात का?"

मी कपाळावर हात मारला आणि दारोदार पळत सुटलो. लोकांच्या घरात घुसून माझ्या हातानं नळ सोडले. दोन सुटले असतील नसतील, तोच खाली वॉल्व्हवाल्यानं गल्लीचं पाणी बंद केलं. वेळ संपली होती.

इंजिनीअरबाईंना फोन लावला. "बाई, उद्या परत मोजू द्या. लोकांनी नळ बंद ठेवले होते हो."

"मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात. तुमची बहीण राहते ना तिथे? यादी आज पुढे जातेय. आणि दाब उत्तम आहे की!" त्यांनी फोन ठेवला.

ताई शेजारीच उभी होती. "चांगला आला ना रे?"

असा संताप आला होता, आणि रडूही. पण तिचा चेहरा इतका फुलला होता, की खरं सांगवेना. "हो ताई. एवढा चांगला कधीच आला नव्हता."

"मग साहेबलोक खूश होतील तुझ्यावर."

आज गल्लीत कुणाकडेच पाणी नव्हतं. घराघरातून माणसं बादल्या घेऊन बाहेर पडू लागली. ताईनंही दोन उचलल्या. मी हात पुढे केला, तर तिनं तो बाजूला सारला. "सोड, कपडे ओले होतील. तुला ऑफिसात जायचंय," म्हणाली, आणि भिंतीला धरून एकेक पायरी उतरू लागली.