दार जरा उचलून लावायचं

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. आमच्या सबर्बनच्या बाबतीत विघ्न एकच होतं आणि ते माझ्या शेजारी घोरत झोपत होतं. हे कळायला मला चौथं गिऱ्हाईक यावं लागलं.

सबर्बन म्हणजे आमची गाडी. अमेरिकन, एकोणनव्वद सालची, आठ सिलिंडरची, तपकिरी आणि सायीच्या रंगाची. नऊ माणसं आरामात बसतात. इथे आखातात, रीम आयलंडवरच्या आमच्या टॉवरच्या बेसमेंटमध्ये तिचा टप अडतो, म्हणून ती मागच्या मोकळ्या प्लॉटवर वाळूत उभी असते. सदानंद निवृत्त झाले, व्हिसा संपत आला, महिनाअखेरीस आम्ही कायमचे पुण्याला निघणार होतो. फ्रिजला, कपाटांना, अगदी तुळशीच्या कुंडीलाही कुणा ना कुणाचं घर मिळालं. ही मात्र होती तिथेच. भारतात तिला नेता येत नाही. गिऱ्हाईक मिळालं नाही तर ती धूळ खात पडणार, मग पालिकेचा माणूस काचेवर नोटीस चिकटवणार आणि तिथून ती थेट भंगारात जाणार. सदानंदना हे सगळं ठाऊक होतं. तो विषय निघाला की ते उठून पाणी प्यायला जात.

मी तिला सवत म्हणायचे. सुट्टीचा दिवस तिचाच. एका दिव्याच्या काचेसाठी हे शारजाच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात अख्खी दुपार काढत. रस्त्यात जुना अमेरिकन ट्रक दिसला की समोरची जाळी पाहून त्याचं साल सांगत. माझी नवी साडी मात्र यांना चौथ्या खेपेला दिसे. हौसेला मोल नाही हे खरं, पण दुसऱ्याची हौस सांभाळणारं माणूस थकतं. मी थकले होते. इरा टोरांटोहून फोनवर म्हणायची, "आई, जस्ट स्क्रॅप इट."

तीन गिऱ्हाइकं आली आणि हात हलवत परत गेली. "जुन्याची कदर राहिली नाही लोकांना," सदानंद म्हणाले. मला ते खरं वाटलं.

चौथे आले ते खलफान. अल ऐनचे एमिराती गृहस्थ, पन्नाशी उलटलेले. घरी दोन जुने पिकअप बाळगून होते. एवढ्या उन्हात पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात वाळूत उतरले आणि दोन्ही हात मागे बांधून गाडीभोवती सावकाश फिरले. मी थर्मासमधून चहा घेऊन गेले होते. कप हातात देतेय तोवर सदानंदांनी सुरुवात केली.

"गिअर गरम हुआ की अटकता है. एसी सिर्फ चलती गाडी में ठंडा. पेट्रोल का काटा झूठ बोलता है. और ये मॅडम के साइड का दरवाजा ठीक से लगता ही नहीं. मैं आपको सच बता रहा हूं."

मी ऐकत राहिले. आपली मुलगी द्यायचीच नसली म्हणजे बाप पाहुण्यांपुढे हेच करतो. हिला चष्मा आहे, ही तापट आहे, हिला पुरण वाटता येत नाही. वर पुन्हा आपण किती सरळ माणसं.

खलफाननी कप बॉनेटवर ठेवला. "इन्शाल्ला, सोचता हूं," म्हणाले आणि आपल्या गाडीकडे वळले. इतकी वर्षं इथे काढल्यावर एवढं कळतं की हा इन्शाल्ला नकाराचा होता. सदानंदांचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला.

"अहो, तुम्हाला ती विकायचीच नाहीये."

त्यांनी बॉनेटवरचा कप उचलला.

"मग काय, भंगारात घालायची?"

"भंगारात गेली तर निदान दुसरं कोणी चालवणार नाही तिला," ते म्हणाले. "चूक आहे. कळतंय मला." मग म्हणाले, "तुझा व्हिसा होईपर्यंत मी इथे चार वर्षं एकटा काढली, छाया. सिग्नलला कंपनीच्या बसमधून खाली बघायचो. शेजारी अशी गाडी असायची. आत आजी, आई, पोरं, सगळं घर. तेव्हाच ठरवलं होतं."

इतक्या वर्षांत हे मला कधी सांगितलं नव्हतं. मला राग आला आणि भरूनही आलं. पण रडत बसायला वेळ नव्हता, खलफान गाडीचं दार उघडत होते. मी वाळूतून चपला ओढत धावले.

"भाईसाब, रुकिए. ये आदमी झूठ नहीं बोलता, पर आधा बोलता है. गिअर अटका तो रुकने का, चाय पीने का. काटा आधे पे आया तो पेट्रोल भरने का. मेरी बेटी रोती थी तो इसी में घुमाते थे, कॉर्निश का समुंदर आने से पहले सो जाती थी. लिवा के रेगिस्तान में पीछे का फळी गिराके हमने उसपे बैठके पोहे खाया है. इसने हमको रेती में कभी नहीं छोडा."

सवतीची एवढी तरफदारी मी करेन असं मलाच वाटलं नव्हतं.

खलफान परत आले. माझ्या बाजूचं दार त्यांनी उघडून पाहिलं, थोडं वर उचललं आणि लावलं. लागलं.

"मेरे बाबा का भी ऐसा ही था," ते म्हणाले. "हम बहोत सारा बच्चा लोग. दरवाजा उसका भी उठाना पडता था."

"चलाओगे?" सदानंदांनी विचारलं. "की खडी रखोगे?"

"घर में पोते हैं. खडी कौन रखने देगा?"

"खलास, सौदा पक्का," सदानंद म्हणाले आणि किल्ली पुढे केली.

कागदपत्रं झाल्यावर खलफान गाडी न्यायला आले. सदानंदांनी त्याच सगळ्या खोडी पुन्हा सांगितल्या, पण आता प्रत्येकीवरचा उपाय सांगून. मी वाटीत दही नेलं होतं. घरातलं माणूस निघालं की हातावर ठेवतो, तसं थोडं बॉनेटवर ठेवलं. उन्हात ते लगेच वाळलं. खलफाननी काही न विचारता आपलाही तळवा पुढे केला.

गाडी गेल्यावर आम्ही बँकेत जायला टॅक्सी केली. मी मागे बसले आणि दार लावलं. पाकिस्तानी ड्रायव्हरने वळून पाहिलं.

"बाजी, दरवाजा उठा क्यों रही हैं? ठीक है वो."

मी दोन्ही हातांनी हँडल वर ओढून धरलं होतं. सोडवेना.

"आदत है," सदानंद म्हणाले आणि माझे हात त्यांनी सोडवून घेतले.