चौदा रात्रींची बिलं

इस्त्रीचा वास आला तेव्हा लिफ्टवाला दाढी करत होता. सकाळी सकाळी कोण इस्त्री करतंय म्हणून तो तसाच फेसाळल्या गालांनी बाहेर आला, तर टेबलावरच्या दुमडलेल्या चादरीवर त्याची लॉजची बिलं ओळीनं मांडलेली. चौदाच्या चौदा काळी ठिक्कर. आणि शेवटच्या बिलावर इस्त्री टेकवून उभे होते अण्णा, त्याचे वडील.

"अरे, हा कागद कसला आहे?" अण्णा म्हणाले. "सुरकुती गेली, पण अक्षरंही गेली."

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट बसवणारा; चालवणारा नव्हे, हे सांगता सांगता त्याची निम्मी हयात गेली होती. कंपनी पाठवेल त्या गावी जायचं, लिफ्ट बसवायची, परत यायचं. आताही दोन आठवडे परगावच्या एका नव्या हॉस्पिटलात काम करून तो परवाच परतला होता. निघताना कंपनीनं राहण्यासाठी उचल दिली होती, रात्रीचे साडेसहाशे, म्हणजे चौदा रात्रींचे नऊ हजार शंभर. परतल्यावर तेवढ्याची बिलं लावायची. नाही लावली तर उचल पगारातून कापली जाणार.

बिलं अवजारांच्या पिशवीत चोळामोळा होऊन आली होती, म्हणून अण्णा मदतीला धावले. त्यांनी चौतीस वर्षं एका कचेरीत प्रवासभत्त्याचंच टेबल सांभाळलं होतं. तपासणी आली की चुरगळलेल्या बिलांवर इस्त्री फिरवायची ही त्यांचीच युक्ती, आणि त्या युक्तीचा त्यांना कोण अभिमान! पण त्यांच्या काळातली बिलं शाईची होती. आताच्या मशीनमधून निघणाऱ्या या चिठ्ठ्या उष्णता लागली की काळ्या पडतात, हे त्यांना कोण सांगणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बिचाऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. लिफ्टवाल्यानं खरं तर चिडायला हवं होतं. पण क्षणभर त्याला चक्क सुटल्यासारखं वाटलं, कारण ती चौदाही बिलं खोटी होती.

त्या लॉजमध्ये तो एक रात्रसुद्धा झोपला नव्हता. हॉस्पिटलच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली असते, तिथे पुठ्ठे पसरून, वर घरची चादर टाकून त्यानं चौदा रात्री काढल्या. लॉजवाल्यानं बिलामागे शंभर घेऊन बिलं फाडून दिली. असे मशीनरूममध्ये झोपणारे त्याला नवे नव्हते. उचलीतले साडेसात हजार तर लिफ्टवाल्यानं निघायच्या आदल्या दिवशीच खर्च केले होते. ते अण्णांच्या उजव्या कानात होते. ऐकण्याचं मशीन. "कंपनीची योजना आहे, घरच्यांना फुकट मिळतं," असं त्यानं ठोकून दिलं होतं, कारण विकतचं म्हटलं असतं तर अण्णांनी दुकानाची पायरी चढली नसती. बायकोलाही त्यानं तेच सांगितलं होतं.

आणि हे सगळं लपवायचं कोणापासून? तर अण्णांपासून! कचेरीत त्यांना 'कात्री' म्हणत. एकानं रिक्षाचं भाडं जास्त लावलं, तर अण्णांनी रविवारी जातीनं ते अंतर चालून मोजलं आणि बिलातले चार किलोमीटर उडवले. तो एक जण म्हणजे अण्णांचा सख्खा साडू. पुढे दोन वर्षं मावशी घरी आली नाही.

कंपनीतल्या हिशेबनीस बाईंनी काळी बिलं दोन बोटांत धरली. "हे काय, डांबर लावलंत का यांना?"

"इस्त्री... चुकून फिरली."

"चौदांवर चुकून?" बाईंनी चष्मा वर केला. "हे बघा, शनिवारपर्यंत लॉजचा शिक्का मारलेली दुसरी बिलं आणा. नाही आणलीत तर सगळी उचल याच पगारातून जाईल. माझ्या हातात काही नाही."

रात्री जेवताना त्यानं घरी एवढंच सांगितलं, "काळजी नको. लॉजवाल्याला फोन करतो, तो पाठवून देईल." अण्णा मान खाली घालून जेवले आणि हात धुऊन उठले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, लिफ्टवाला उठला तर अण्णांचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं. फळीवर त्यांचा मोबाइल आणि त्याखाली चिठ्ठी: 'चूक माझी आहे. लॉजमधून दुसरी बिलं घेऊन येतो. उद्या दुपारपर्यंत परत. काळजी नसावी.' शेवटी सहीही होती, तारखेसकट.

लिफ्टवाल्यानं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"एवढं काय तोंड उतरलंय?" बायको म्हणाली. "बसनं तर जायचंय. सहा तासांचा रस्ता. अण्णा काय कुक्कुलं बाळ आहेत?"

"त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. फोन घरी ठेवून गेलेत."

"कानात मशीन आहे ना? विचारत विचारत जातील."

तेच तर होतं! अण्णा विचारत विचारत जाणार. लॉजवर पोचले की आधी विचारणार, रजिस्टर दाखवा. बिलावर नाव आहे आणि रजिस्टरात नाही, असं बिल त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही पास केलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण लिफ्टवाल्याच्या मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं आणि लपायला तसूभर सावली नव्हती.

कामावर त्याचं लक्ष लागेना. पाना हातात धरून तो पानाच शोधत होता. बारा वाजता त्यानं लॉजवाल्याला फोन लावला.

"अजून कोणी आलं नाही," लॉजवाला म्हणाला.

"हे बघा, आले तर बिलं देऊन टाका. शिक्का मारून. बाकी काही बोलू नका, हात जोडतो."

"मी कशाला बोलतोय?"

तीन वाजता परत लावला.

"आले होते की! तासभर बसले. मोठे सज्जन आहेत हो तुमचे वडील."

"काय म्हणाले?"

"रजिस्टर मागत होते. मी म्हटलं, तपासणीला गेलंय."

"मग?"

"मग काही नाही. बिलं घेतली, एकेक नीट मोजली. मला विचारलं, माझ्या मुलाची खोली कुठली होती? मी सांगून टाकलं, चार नंबर. ते म्हणाले, बघू जरा. आता चार नंबरात मी गोदाम केलंय. गाद्या भरल्यात छतापर्यंत."

लिफ्टवाला मट्‌कन खाली बसला. "मग?"

"मग हसले आणि गेले. हॉस्पिटलच्या रस्त्याला लागले."

त्यानंतर काही कळायला मार्ग नव्हता. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. अण्णा कुठे झोपले असतील, जेवले असतील का, ही काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती वेगळीच होती. अण्णा परत आल्यावर त्यांच्याकडे बघायचं कसं? लहानपणी 'कात्रीचा पोरगा' म्हणून पोरं चिडवायची, तेव्हा त्याला राग यायचा आणि आतून ऐटही वाटायची. आपला बाप खोट्याला सोडत नाही. आता त्याच बापापुढे आपण खोटे उभे राहणार होतो.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून तो बसस्टँडवर गेला. दोन गाड्या आल्या, त्यांत अण्णा नव्हते. तिसरीतही नव्हते. गर्दीत चुकामूक झाली असेल म्हणून तो धावतपळत घरी आला, तर दारात अण्णांच्या चपला. त्याला रडूच यायचं राहिलं.

अण्णा अंघोळ करून टेबलाशी बसले होते. बायको आत भांडी घासत होती. टेबलावर शिक्का मारलेली चौदा बिलं, एक कोरा कागद, पेन, आणि घडी घातलेली एक चादर. निळ्या काठाची, घरचीच. कामाच्या शेवटच्या दिवशी घाईत मशीनरूममध्ये राहिली होती.

"बस," अण्णा म्हणाले. "वॉचमन भला माणूस आहे. त्यानं खोली दाखवली. काल मीही तिथेच झोपलो. मशीन सुरू झालं की सगळी भिंत हलते रे. चौदा रात्री कसा झोपलास?"

अण्णांनी बिलं उचलली, सरळ केली आणि शांतपणे मधोमध फाडली.

"लॉजचा खर्च निरंक," ते म्हणाले. "उचल परत करायची. महिना तेराशे, सात हप्त्यांत कापावी, असा अर्ज लिहितो. हप्ता माझ्या पेन्शनीतून तुला मिळेल. तू कारण सांग, मी उतरवून घेतो."

पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडायला लागला. अण्णांनी कानातलं मशीन काढलं आणि कागदावर ठेवलं.

"कारण?"

"मी तिथे राहिलो नाही," लिफ्टवाला पुटपुटला.

"काय?"

"लॉजमध्ये राहिलो नाही."

"मोठ्यानं बोल. ऐकू येत नाही."

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. लिफ्टवाल्यानं एकदा दाराकडे बघितलं, एकदा उघड्या खिडकीकडे. मग डोळे मिटून तो ओरडला, "मी लॉजमध्ये राहिलो नाही! मशीनरूममध्ये झोपलो! खोटी बिलं घेतली!"

समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली. अण्णांचं पेन संथपणे चालत होतं. अक्षर पूर्वीसारखंच, मोत्याचं.

"आणि पैसे?" अण्णांनी मान वर न करता विचारलं. "पैसे कशाला लागले?"

"वडिलांच्या कानाला!" लिफ्टवाला ओरडला, आणि त्याचा आवाज मध्येच फाटला.

पेन थांबलं. ते शेवटचं अण्णांनी लिहिलं नाही. कागदावरचं मशीन उचललं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि हळूच कानात बसवलं.

"हं," ते म्हणाले. "आता परत सांग. हळू सांगितलंस तरी चालेल."