कॅलिपरसाठी चाक

हेदीने ग्राइंडरचं नवं चाक डाव्या हाताच्या बोटात अडकवलं, पेचकसाच्या लाकडी मुठीने त्यावर टकटक केलं आणि मोठी बाजी मारल्यासारखं बायकोकडे पाहिलं.

"ऐकलंस, मंजिया? घंटा! नुसती घंटा!"

मंजिया अंगणात पाय लांब करून बसली होती. तिला काही घंटा ऐकू आली नाही. आला तो बद्द आवाज, फुटक्या मडक्याचा. चांगलं चाक खणकन वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं, आणि तसलं चाक गरगर फिरायला लागलं की फुटून चालवणाऱ्याच्या तोंडावर येतं, हे पोलाद कारखान्यातल्या कामगाराची बायको म्हणून तिला कधीच पाठ झालं होतं.

उद्या त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, रौदाचं लग्न. आणि नेमकी याच आठवड्यात मंजियाच्या कॅलिपरची पट्टी तडकली. लहानपणी पोलिओने गेलेल्या तिच्या डाव्या पायाला तोच आधार. गल्लीतल्या वेल्डरने पट्टी जोडून दिली खरी, पण आतल्या बाजूला जास्तीच्या पोलादाचं हे एवढं टेंगूळ ठेवून. चार पावलं टाकली की गुडघा सोलायचा. ट्यूनिसहून नवीन कॅलिपर यायचं म्हणजे लग्न होऊन जाणार. पुतण्याने चाकांची खुर्ची आणून ठेवली होती. मंजियाने तिच्यावर मकरूदच्या खजूरभरल्या वड्यांची परात ठेवून दिली. लेक निघताना आपण पायांवर उभं राहून तिला निरोप देणार, हे तिने रौदा पाळण्यात असतानाच ठरवलं होतं.

टेंगूळ घासून काढणं हेदीच्या हातचा मळ. ओतीव भागांवरचं जास्तीचं पोलाद काढण्यातच त्याची उमर गेली. त्या कामाने कानही खाल्ले. माणसांचं बोलणं हल्ली त्याला ओरडून सांगावं लागे. पण चाकाचं बोलणं मला अजून कळतं, असं तो कॉफीच्या दुकानात सगळ्यांना ऐकवायचा. तेवढी एकच ऐट त्याच्यापाशी उरली होती, आणि ती आपणच मोडायची हे मंजियाच्या जिवावर आलं. पण गप्प बसूनही चालणार नव्हतं.

"हेदी," ती ओरडली, "बद्द वाजतंय ते!"

"तुझेच कान बद्द झालेत."

"मला उद्या विधवा होऊन मुलीच्या लग्नात बसायचं नाहीये!"

तो हसायला गेला आणि तिचा चेहरा पाहून थांबला. त्याने चाक कानाशी धरून पुन्हा वाजवलं. मग तो तिच्या शेजारी येऊन बसला आणि मांडीवरच्या चाकावरून बोट फिरवत राहिला.

"मला खणकन ऐकू आलं गं," तो म्हणाला. "बहुतेक जुनाच आवाज आठवला असेल."

मंजियाला रडू आलं. ते तिने रागात लपवलं. "बसलास काय? दुकान बंद व्हायच्या आत मला घेऊन चल."

"तुला? कशी?"

"मोबिलेटवर, तुझ्यामागे बसून. माझ्या बापाची नजर चुकवून तळ्याकाठी न्यायचास, तेव्हा नाही विचारलंस कशी ते!"

दुचाकी लावून हेदीने तिला उचलून लमीनच्या हत्यारांच्या दुकानात आणलं आणि खोक्यावर बसवलं.

"वा काका, वरात आजच काढलीत?" लमीन म्हणाला. "आणि ते चाक? घंटा म्हणत घेऊन गेलात ना?"

हेदीचा चेहरा उतरला. मंजिया मध्ये पडली. "मोबिलेटवरून पडलं रे. हा कसा चालवतो, माहीत नाही का तुला? दुसरं दे, पैसे घे."

लमीनने तपकिरी चाक पुढे केलं. "हे न्या, मावशी. टणक. वर्षभर झिजणार नाही."

"झिजत नाही म्हणूनच नको," हेदी म्हणाला. इथे त्याला कानांची गरज नव्हती. "हिच्या पट्टीचं पोलाद कडक आहे. टणक चाक त्यावर बोथट होऊन नुसतं तापवत राहतं. पट्टी निळी पडली की मेली, पुन्हा तडकेल. मऊ दे, पांढरं. ते स्वतः झिजतं, पण पट्टी थंड ठेवतं."

"मऊ लवकर संपतं, काका."

"संपू दे. हिच्या पायापुढे चाकाचं काय घेऊन बसलास?"

लमीनने कोपरा चेपलेलं खोकं उघडलं. हेदीने पहिलं पांढरं चाक बोटात अडकवलं. मंजियाने मागून त्याच्या कोटाचं टोक धरलं. टकटक. बद्द. तिने कोट खेचला.

"हे नको. तडा आहे," हेदी रुबाबात म्हणाला.

दुसरं. ती नुसतीच कोट धरून बसली. त्याने चाक फिरवून पुन्हा वाजवलं. कोट हलला नाही.

"हे दे. घंटा आहे."

"मानलं काका! कान अजून शाबूत आहेत तुमचे." मंजियाने खोकल्याच्या निमित्ताने हसू दाबलं.

घरी हेदी पट्टी चाकाला जराशी टेकवायचा, लगेच काढायचा, बोट लावून बघायचा. कुठेही निळी न पडता टेंगूळ गेलं. शेवटी पट्टी त्याने स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिली, मग तिच्या पायाला बांधली.

मंजिया उठली. चालली. काहीच टोचलं नाही.

"वाजतंय का गं?" त्याने विचारलं.

"काय?"

"तुझं कॅलिपर. टक-टक. सकाळी ते वाजलं की मला कळायचं, उठली, आता चहा होईल. घरात तू कुठे आहेस ते त्यावरून समजायचं. हल्ली काही ऐकू येत नाही. तू असतेस, पण घर रिकामं वाटतं."

त्या आवाजाची मंजियाला जन्मभर लाज वाटत आली होती. पाहुणे यायचे म्हटलं की ती सांध्यात तेल सोडायची. उद्यासाठीही तिने तेलाची बुधली काढून ठेवली होती. तिने हेदीचा हात धरून गुडघ्याजवळच्या सांध्यावर ठेवला आणि पाऊल टाकलं.

"हाताला आलं?"

"आलं," तो म्हणाला. "अजून एकदा."

तिने पाऊल टाकलं. हेदी वाकून, तळवा तिथेच ठेवून, तिच्याबरोबर सरकत होता.

"आई, काय चाललंय?" मेंदीचे हात वर धरून रौदा दारात आली. "पाय उद्यासाठी ठेव की जरा!"

"तू जा आत," मंजिया म्हणाली, आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागली.