आक्काताईंचा एक तास

मी गजराचं घड्याळ बोलतोय. सांगलीपासून चार कोसांवर, कृष्णाकाठच्या एका गावात, आक्काताईंच्या घराच्या भिंतीतल्या देवळीत माझा मुक्काम असतो. आधीच सांगून टाकतो, मी एक तास पुढं आहे. पण बिघडलेलो नाही. येणारा पाहुणा आधी स्वतःच्या मनगटाकडं बघतो, मग माझ्याकडं बघतो आणि मला नीट करायला हात पुढं करतो. दुसऱ्याचं घड्याळ नीट करायची माणसांना भारी हौस. म्हणून ही हकीकत सांगायला बसलोय.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. तिथलं मला काही आठवत नाही. कळायला लागलं ते सांगलीत, गणपती पेठेतल्या एका दुकानात. काचेच्या कपाटात आम्ही तेरा घड्याळं होतो आणि तेराही जणांची वेळ वेगळी होती. दुकानदाराला त्याचं काही वाटत नव्हतं, मलाही नाही. खरी वेळ अशी एकच असते आणि तिच्यावरून माणसं भांडतात, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात वर्धमाननं मला विकत घेतलं. वर्धमान म्हणजे आक्काताईंचा धाकटा मुलगा. सांगलीत यंत्राचं काम शिकला आणि त्याला नोकरी लागली ती थेट आसामात, चहाच्या एका बागेच्या कारखान्यात. जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला देवळीत ठेवलं आणि म्हणाला, "आई, मी न्हाई तर ह्याची तरी टिकटिक असू दे घरात."

घर जैनांचं. दिवस मावळल्यावर या घरात कुणी अन्नाला शिवत नाही. आक्काताईंनी मुलाकडं एकच गोष्ट मागितली. "कुठंबी ऱ्हा, पर दिवस हाय तवर जेवत जा. एवढं एक पाळ." तो त्यांच्या पाया पडून "व्हय" म्हणाला आणि गेला.

दिवाळीनंतर त्याचं पत्र आलं. थोरल्या मुलाची, बाळगोंडाची बायको गुणमाला शेजारच्या गावात शाळामास्तरीण आहे. तीच पत्रं वाचून दाखवते. वर्धमाननं लिहिलं होतं, इथं सूर्य लवकर उगवतो आणि थंडीत साडेचारलाच मावळतो, म्हणून बागेतली घड्याळं तासभर पुढं ठेवतात. आमच्या घड्याळात पाच वाजले, म्हणजे तुमच्याकडं चार, की मी जेवून घेतो.

"चारला?" आक्काताई म्हणाल्या. "तवा तर मी उन्हात शेंगा फोडत बसलेली असते. पोरगं तिकडं एकटं जेवतंय."

त्यांनी शेजारच्या केरबाला बोलावलं. केरबा मूळचा म्हसवडचा, पलटणीतून पेन्शन घेऊन सासुरवाडीला येऊन राहिलेला. घरजावई म्हणून गाव त्याची चेष्टा करतं, पण आसाम पाहिलेला माणूस गावात तो एकटाच.

"बरोबर लिवलंय त्यानं," केरबा म्हणाला. "त्येला बागेचा टाइम म्हणत्यात. गोऱ्या सायबानं काढलेला. गडीमाणसं उजेडात पानं खुडत्यात, उजेडात घरी जात्यात, दिव्याचं तेल वाचतं."

बाळगोंडाला ते पटलं नाही. "आवं, समद्या देशाला एक टाइम हाय म्हणून रेल्वे टायमात येती. ज्यानं त्यानं आपलं घड्याळ फिरवलं तर कसं चालंल?"

"रेल्वे टायमात येती?" केरबानं इतकंच विचारलं.

आक्काताई दोघांचं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला रेल्वेचं काय करायचंय? केरबा, ह्येला बागेच्या टायमावर लाव."

अशा रीतीनं मी एक तास पुढं गेलो. माझ्यात पाच वाजले की आक्काताई भर उन्हात पाटावर बसायच्या. आधी चार घास वाट बघितल्यासारख्या सावकाश खायच्या, मग नेहमीसारखं जेवायच्या. गुणमालेकडून त्यांनी आसामला कळवलंसुद्धा की देवळीतलं घड्याळ आता तुझ्या बागेचं झालं. वर्धमानला इतका आनंद झाला की पुढच्या प्रत्येक पत्रात तो वेळ लिहायचा ती माझ्यातली, म्हणजे बागेची.

खरं सांगू, मला दोन्ही बाजू पटतात. तासभर पुढं गेल्यावर घराची संध्याकाळ मोठी झाली. आक्काताईंना उजेडात पोथी वाचायला सवड मिळू लागली. पण म्हैस घड्याळ बघत नाही, तिची धार तिच्या वेळेलाच निघायची. शाळा आणि एस.टी. सरकारच्या वेळेवर. त्यामुळं गुणमालेला उठता-बसता माझ्यातून एक तास वजा करावा लागायचा. ती बिचारी दोन वर्षं न कुरकुरता वजाबाकी करत राहिली.

आणि त्या वजाबाकीनंच घोटाळा केला. शहात्तर सालचा नोव्हेंबर संपत आला होता. शाळेत तपासणीला साहेब येणार होते. गुणमाला परड्यात डोक्यावरून पाणी घेत होती. तिनं तिथूनच विचारलं, "आत्ती, किती वाजलं?" माझ्यात साडेदहा झाले होते. आक्काताईंना वाटलं, आज पोरीची घाई आहे, तिला कशाला हिशेब करायला लावा. त्यांनी स्वतःच एक तास कमी केला आणि सांगितलं, "साडेनऊ." गुणमालेनं नेहमीच्या सवयीनं त्यातला आणखी एक कमी केला. अजून साडेआठच झालेत म्हणून ती निवांत केस वाळवत बसली. पावणेदहाची गाडी निघून गेली. दोन कोस पायपीट करून ती पोचली तेव्हा साहेबांनी तांबड्या शाईनं तिची गैरहजेरी मांडली होती.

ती घरी येऊन नुसती रडली. मायेनं केलेली चूक होती, भांडायचं कुणाशी? बाळगोंडा मात्र उठला आणि त्यानं माझे काटे मागं घेतले. "घरात एकच टाइम चालंल. सरकारचा." आक्काताई मान खाली घालून बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्या पाचला जेवू लागल्या, पण मुलाचं जेवण तासभर आधीच उरकलेलं असायचं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी वर्धमानचं पत्र आलं. सुट्टी मिळत नाही, अडीच वर्षं तुझा आवाज ऐकला नाही, तर पुढच्या मंगळवारी शहरात जाऊन गावच्या पोस्टात ट्रंक कॉल लावतो. 'तुझ्या देवळीतल्या घड्याळात चार वाजता तिथं थांब.'

गुणमालेनं ते मोठ्यानं वाचलं. घरात आनंदीआनंद झाला. देवळीतलं घड्याळ मागं घेतल्याचं त्या पोराला कुणी कळवलंच नव्हतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या आलं. पण मला तोंड नाही, गजर आहे, आणि तो ज्यानं लावला त्याच्याच वेळेला वाजतो. आठ दिवस मी नुसता टिकटिकत राहिलो. इतकं लाचार मला कधी वाटलं नव्हतं.

मंगळवारी आक्काताई ठेवणीतलं लुगडं नेसल्या. चूक व्हायला नको म्हणून त्यांनी मलाच पिशवीत घातलं. गुणमाला शाळेतून रजा घेऊन बरोबर आली, केरबाही आला. आम्ही पोस्टात पोचलो तेव्हा माझ्यात पावणेचार झाले होते.

पोस्टमास्तर भाऊसो खुर्चीतून उठले. "आक्का, किती उशीर केलासा? फोन येऊन गेला की. तीनला."

आक्काताईंनी मला पिशवीतून काढून त्यांच्यापुढं धरलं. "चारला म्हणालाय त्यो. बघा, अजून चार व्हायच्यात."

केरबाच्या ध्यानात पहिल्यांदा आलं. "गुणमाला, टाइम मागं घेतल्याचं लिवलं व्हतंस का त्येला?" गुणमालेनं नाही म्हणून मान हलवली.

आक्काताई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि मला मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "त्यो बसला आसंल तितं. मीबी बसते."

चार वाजले, साडेचार वाजले. दारातून ऊन सरळ आत येत होतं. आक्काताई त्या उन्हाकडं बघायच्या आणि मग माझ्याकडं. इथं दिवस मावळायला दीड तास होता, पण मला आणि त्यांनाच ठाऊक होतं की तिकडचा आता बुडाला.

पाचाला दोन मिनिटं कमी असताना घंटी वाजली. भाऊसोंनी ओरडून ओरडून नाव सांगितलं आणि आक्काताईंच्या कानाला फोन लावला. आवाज बारीक होता, तरी मला ऐकू आला. "आई, मी वर्धमान."

आक्काताईंनी विचारलं, "जेवलास का बाळा?"

"व्हय, जेवलो की."

"तीनापास्नं तितंच हाईस न्हवं?"

"उठलो आसतो तर नंबर गेला आसता, आई," तो म्हणाला. आक्काताई म्हणाल्या, "आसू दे. उद्या उजाडल्यावर पोटभर जेव." आणखी दोन-चार शब्द झाले आणि फोन तुटला.

घरी आलो तेव्हा उसाच्या शेंड्यांवर अजून ऊन होतं. गुणमालेनं घाईनं भाकरी आणि आमटी वाढली. "आत्ती, बसा. अजून दिवस हाय."

आक्काताईंनी ताट हळूच बाजूला सरकवलं. "तुमी जेवा गं. माझा दिवस मावळला."

गुणमाला तिथंच उभी राहिली. मग तिनं मला पिशवीतून काढलं आणि स्वतःच्या हातानं माझे काटे एक तास पुढं नेले. बाळगोंडा शेतातून येऊन दारात थांबला होता. त्यानं ते पाहिलं आणि म्हशीला वैरण टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणमालेनं आसामला पत्र टाकलं आणि शाळेतल्या सुबक अक्षरात एक कागद लिहून माझ्या पायाशी चिकटवला. 'एक तास वजा करावा. एकदाच.'

आज एकोणऐंशी साल चालू आहे. तो कागद पिवळा पडलाय. माझी किल्ली सैल झालीय, गजर खोकल्यासारखा वाजतो. वर्धमान अजून तिकडंच आहे. तेव्हा पाहुणेमंडळी, या घरी या, चहा घ्या, कागद वाचा आणि तुमची तुम्ही वजाबाकी करा. माझे काटे तेवढे मागं घेऊ नका. माझ्यात पाच वाजले की आक्काताई जेवायला बसतात, आणि त्यांच्या पंगतीला दीड हजार मैलांवर आणखी एक ताट वाढलेलं असतं.